हळूबाईचे अडीचशे घोडे

सगळं गाव तिला हळूबाई म्हणतं. तोंडावर नाही म्हणत, पाठीमागे म्हणतं. पण तिला ते माहीत आहे आणि त्याचं तिला काही वाटत नाही. एकोणीस वर्षं ती लोकांना गाडी शिकवते. दिवसाचे आठ तास शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि एकच शब्द बोलायचा, "हळू." कोपरा आला, हळू. कुत्रं दिसलं, हळू. एकदा एक शिकाऊ म्हणाला, "बाई, गाडी थांबलीय केव्हाची." तर म्हणाली, "तरी हळू."

घरात तीच तऱ्हा. स्वयंपाकघरातून हातात ताट घेऊन निघाली की दारात थांबणार, एकदा इकडे बघणार, एकदा तिकडे बघणार, मग पाऊल टाकणार. तिची वहिनी म्हणते, "फक्त हात बाहेर काढून सिग्नल देत नाही, एवढंच राहिलंय."

तर अशा या बाईने अडीचशे घोड्यांची, म्हणजे अडीचशे हॉर्सपॉवरची, गाडी बांधली. पन्नास वर्षांची जुनी गाडी, दोन दारांची, लांब नाकाची. आणि ती नुसती पळवायची म्हणून ट्रकवर लादून न्यायची गाडी नव्हे. रस्त्याने आपल्या चाकांवर जायचं, धावपट्टीवर पाव मैल जीव खाऊन पळायचं आणि त्याच चाकांवर सिग्नलला थांबत थांबत घरी यायचं. असली गाडी बांधायला अक्कल लागते. नुसती पळणारी कुणीही बांधेल, नुसती रस्त्यावर चालणारी तर दुकानातच मिळते. दोन्ही करणारी बांधून दाखवा.

बऱ्याच लोकांना वाटायचं की गाडी थोरल्याने बांधली. थोरला म्हणजे तिचा मोठा भाऊ. सातवीनंतर शाळेने त्याला सोडलं की त्याने शाळेला, यावर दोघांचं एकमत नाही. पण लेथवर उभा राहिला की त्याच्या हाताला तोड नाही, हे दुष्मनसुद्धा सांगेल. त्याचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, त्यात दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि मागच्या बाजूला हळूबाईची गाडी. लोकांना जे वाटायचं ते थोरला वाटू द्यायचा. कुणी विचारलं, "तुम्हीच केलीत का हो?" की तो हात पुसत म्हणायचा, "घरचंच काम आहे." यात खोटं काय? घरचंच होतं की. स्वतःचं घोडं दामटायची त्याला सवय, त्याला कोण काय करणार!

पण खरं ते खरं. नटबोल्टापासून सगळं डोकं तिचं. एक जाड वही, चौकटीची, तिच्यात बारीक अक्षरात गणितं. हवा किती आत जाणार, धूर किती बाहेर पडणार, झडप किती वर उचलायची. थोरल्याने जन्मात कागदावर गणित केलं नाही, तो बोटाने माप घेतो. ती आकडा सांगायची, तो वस्तू करून द्यायचा. इंजिनाची छिद्रं त्याने मोठी करून दिली. इंजिनामागचं जड फिरतं चाक तासून हलकं केलं. धुराचे सहा पाईप असे वाकवून जोडले की बघणाऱ्याने हात लावून बघावं आणि चटका खावा. तीन कार्बोरेटर होते, ते तिघेही एका दमात श्वास घेतात का हे बघायला ती कानाला रबरी नळी लावून बसायची, डॉक्टरीणबाईसारखी. तीन वर्षं हे चाललं. मागचं बाकडं काढलं, दारातलं अस्तर काढलं, जाड काच काढून पातळ बसवली. वजन कमी व्हायला पाहिजे ना.

एक गोष्ट मात्र काढली नाही. ही गाडी मुळात शिकवणीची. हळूबाई पहिल्यांदा नोकरीला लागली त्या शाळेची. शाळा बंद पडली, मालक गाडी भंगारात द्यायला निघाला, तेव्हा ही आडवी पडली आणि घेऊन आली. त्यामुळे शेजारच्या सीटसमोर गुरुजींचा वेगळा ब्रेक होता. तो काढायचा तर कागदपत्रं बदलावी लागणार, आणि कागदावर सही लागणार परीक्षकाची.

परीक्षक म्हणजे लायसनची परीक्षा घेणारा साहेब. एकोणीस वर्षं हळूबाईची पोरं त्याच्यापुढे बसतात आणि एकोणीस वर्षं तो त्यांना बारीकसारीक चुकीवर नापास करतो. थोरल्यालाही त्याने पाच वेळा नापास केलंय. थोरला म्हणतो, "घाबरतो तो मला. मी रस्त्यावर आलो तर बाकीच्यांनी जायचं कुठं?" पाचव्या वेळेचं कारण कागदावर लिहून आलं होतं: विनाकारण वारंवार ब्रेक दाबणे. तो कागद थोरल्याने कुणाला दाखवला नाही, पण बायकोने वाचला होता.

"त्या माणसापुढे सहीसाठी मी उभी राहणार नाही," हळूबाई म्हणाली. "राहू दे ब्रेक. किलोभर वजन जास्त."

थोरला म्हणाला, "बरोबर. आपल्या घरात कुणी वाकत नाही." मग त्यावर त्यानेच एक जुनी जाड चटई टाकली, म्हणजे दिसायला नको.

आता या परीक्षकाकडेही एक जुनी गाडी होती. करड्या रंगाची, आरशासारखी चकचकीत. गावाबाहेरच्या बंद विमानतळाच्या पट्टीवर जुन्या गाड्यांच्या मंडळाने शर्यत ठेवली, रस्त्याच्या गाड्यांची, आणि दोघांचीही नावं तिथे लागली. मग एक दिवस साहेब शेडमध्ये आला. हात मागे बांधून गाडीभोवती फिरला.

"किती घोडे म्हणता, मॅडम?"

"अडीचशे."

"कुणी मोजले?"

"मी. वहीत."

"वहीत," साहेब म्हणाला आणि हसला. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. "वहीतले घोडे चारा खात नाहीत हो. चांगलं असतं ते."

थोरल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "साहेब, घोडामैदान जवळच आहे."

हळूबाईने वही उघडली, जिथे अडीचशे लिहिलं होतं तिथे खाली एक रेघ मारली. थोरल्याने ती रेघ बघितली. शर्यत जिंकायची की नाही ते सोडा, तिला एवढंच पाहिजे होतं की तिचं गणित बरोबर निघावं. तीन वर्षं कारखान्यात येणारा प्रत्येक माणूस तिच्या डोक्यावरून थोरल्याला प्रश्न विचारत होता. ती रेघ त्या सगळ्यांसाठी होती.

*

सिमेंटचे पाईप करणाऱ्या कारखान्याचं आवार रविवारी रिकामं असतं. आत सरळ लांब रस्ता. तिथल्या पहारेकऱ्याला हळूबाईनेच गाडी शिकवलेली, त्यामुळे फाटक उघडलं. पाव मैल मोजून खडूने रेघ ओढली. वहिनी मागे उभी राहून रुमाल खाली सोडणार, हळूबाई गाडी सोडणार, थोरला शेजारच्या सीटवर बसून स्टॉपवॉच धरणार आणि तेलाच्या दाबाचा काटा बघणार. तिचं गणित सांगत होतं, शेजारी माणूस बसवूनही चौदा सेकंदांच्या आत.

"भीती वाटेल तुला, दादा," ती पट्टा आवळत म्हणाली.

"मला? अगं, मी चालत्या लेथवर जेवतो."

रुमाल पडला. गाडी अशी सुटली की थोरल्याचं पोट मागच्या मागे राहिलं. झाडं, पाईप, भिंत, सगळं एक झालं. इंजिन नुसतं ओरडत होतं. खडूची रेघ आली, त्याने घड्याळ दाबलं.

सोळा-पूर्णांक-तीन.

हळूबाईने गाडी थांबवली, आरसा बघितला, सिग्नल दिला आणि बाजूला घेतली. "परत," ती म्हणाली.

परत सोळा-तीन. तिसऱ्यांदा सोळा-चार. चौथ्यांदा जळका वास आला. तिने वहीत भागाकार केला.

"दीडशे," ती म्हणाली. "दादा, यात दीडशेच घोडे आहेत. शंभर कुठं गेले?"

"चरायला गेले असतील," थोरला म्हणाला, पण ती हसली नाही.

मग महिनाभर शोधाशोध. कुठं घोडं पेंड खातंय? जळका वास आला म्हणजे क्लच घसरतोय, म्हणून क्लच उघडला. नवा कोरा. कार्बोरेटर सोडवून धुतले. आधीच लख्ख होते. ठिणगी तपासली, पेट्रोलची नळी तपासली, मागच्या चाकांचा दांडा तपासला. सगळं जिथल्या तिथे. दिवसा ती लोकांना हळू हळू करायची, संध्याकाळी गाडीखाली जायची. दर रविवारी आवारात चाचणी, दर रविवारी सोळा आणि काहीतरी. तिचं जेवण कमी झालं. तिने तोंडाने सांगितलं नाही, पण एका शिकाऊला तिने कोपऱ्यावर हळू म्हटलं नाही, हे गावात पसरलं.

थोरल्याला बहिणीचं वाईट वाटत होतं आणि मनातून थोडा दिलासाही होता. मनातून म्हणजे अगदी आतून. सोळा सेकंदांतच त्याचे हातपाय गार पडत होते, चौदा झाले असते तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

*

एका सोमवारी सकाळी बायको भाजी निवडत होती आणि थोरला पेपर वाचत होता. ती सहज म्हणाली, "अहो, तुमच्या त्या गाडीचे मागचे लाल दिवे काय सुंदर दिसतात हो! सुटली की पेटतात, ते थेट रेघेपर्यंत. लग्नाच्या गाडीसारखी दिसते पाठमोरी."

थोरल्याने पेपर खाली ठेवला. "कसले लाल दिवे?"

"मागचे. ब्रेकचे."

"ती ब्रेक कशाला मारेल? ती तर पाय दाबून गाडी पळवते."

"मी कुठं म्हटलं, ती मारते म्हणून?" बायको म्हणाली आणि शेंगेचं देठ मोडलं.

थोरला पेपर तसाच टाकून उठला. शेड रिकामी होती. त्याने गाडीचं दार उघडलं, आपल्या नेहमीच्या सीटवर बसला. पाय आपोआप जिथे गेले तिथे खाली बघितलं. उजव्या बुटाच्या खाली जाड चटईला गोल खड्डा पडला होता, वरचं सूत विटून पांढरं झालं होतं. चटई उचलली. खाली गुरुजींचा ब्रेक. इतकी वर्षं धूळ खात पडलेलं पेडल, आता घासून असं चमकत होतं की त्यात तोंड बघावं.

घाबरलेला माणूस दुसऱ्याच्या गाडीत बसला की पायाने जमीन दाबतोच. जगात सगळे दाबतात. पण जगात सगळ्यांच्या पायाखाली जमीनच असते. फक्त थोरल्याच्या पायाखाली खरोखरचा ब्रेक होता. आणि हे हळूबाईच्या डोक्यात येणार तरी कसं? एकोणीस वर्षं तो दुसरा ब्रेक तिच्याच पायाखाली. दुसरं कुणीतरी तिची गाडी थांबवेल, ही कल्पनाच तिला नव्हती. दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला, असा सगळा प्रकार.

सांगून टाकावं, असं थोरल्याच्या मनात आलं. खरंच आलं. पण सांगायचं काय? की चालत्या लेथवर जेवणारा माणूस महिनाभर हातपाय गाळून ब्रेकवर उभा होता? गावभर होईल. साहेबाच्या कानावर जाईल. साहेब तो जुना कागद काढेल.

"आजच सांगतो," असं बायकोला म्हणाला.

"मी काय म्हटलंय का काही?" बायको म्हणाली.

संध्याकाळी तो शेडमध्ये गेला तर हळूबाईने इंजिनाचं हेड सोडवून बाकावर ठेवलं होतं. हेड म्हणजे इंजिनाचं डोकं, वरचं झाकण. लांबलचक, अ‍ॅल्युमिनियमचं. हे हेड गेलं तर दुसरं मिळणार नव्हतं. तसल्या गाड्याच उरल्या नव्हत्या, हेड कुठून उरणार?

"दाब कमी पडतोय," ती म्हणाली. "दुसरं काही राहिलंच नाही तपासायचं. खालून आठ दशांश मिलिमीटर कापून दे. मग दाब वाढेल."

"आठ दशांश?" थोरला म्हणाला. "आधीच तू काठावर आणून ठेवलंयस. अजून कापलं तर ठोके खाईल. पिस्टनला भोक पडेल."

"दीडशे घोड्यांच्या इंजिनाला काय भोक पडतंय?" ती म्हणाली. आवाज साधाच होता, पण थोरल्याला तो आवाज आवडला नाही. "माझं गणित चुकलं, दादा. साहेब म्हणाला तेच खरं. आता काप."

कापलेलं परत वाढत नाही. केस वाढतात, नखं वाढतात, हेड वाढत नाही. थोरल्याने हेड मिलिंग मशीनवर चढवलं, शिकंज्यात आवळलं, पाण्यासारखी सपाटी बघितली. सगळं कसं नियमाप्रमाणे. ती पाठ करून कार्बोरेटरशी बसली होती. कान मात्र इकडे. तिला आवाजावरून कळतं, मशीन कापतंय की नुसतं फिरतंय.

कबूल करायचं की कापायचं? थोरल्याने दोन्ही केलं नाही.

त्याने भंगारातला अ‍ॅल्युमिनियमचा एक ठोकळा उचलला, हेडच्या शेजारी बांधला, आणि मशीन त्या ठोकळ्यावर चालवलं. खर्रर्र. पांढरी चकचकीत कात्रणं उडाली, हेडवर पडली, जमिनीवर पडली. काय आवाज, काय कात्रणं! पुरावा म्हणून पोतंभर. मग ठोकळा खिशात घातला आणि हेड सपाट काचेवर बारीक पॉलिशपेपरने असं घासलं की नवंकोरं दिसावं. तसूभरसुद्धा कमी झालं नाही. असली सफाई दुसऱ्या कुणाला जमली नसती, हेही तेवढंच खरं.

"आठ दशांश?" तिने विचारलं.

"मोजून घे," थोरला म्हणाला. कुणी मोजत नाही तेव्हाच असं म्हणतात. तिने मोजलं नाही. थोरल्याच्या हातावर तिचा विश्वास होता, आणि तेच त्याला टोचलं.

*

रविवारी आवारात थोरला सीटवर मांडी घालून बसला.

"हे काय?"

"गुडघा धरलाय."

"जेवायला बसल्यासारखा बसलायस."

"तू सोड गाडी."

रुमाल पडला. आता पायाखाली काहीच नव्हतं, दाबायला जमीनसुद्धा नव्हती. थोरल्याने एक डोळा मिटला, दुसरा घड्याळावर ठेवला, आणि तोंडातून कसला तरी आवाज निघाला जो त्याने नंतर शिट्टी होती असं सांगितलं. रेघ आली.

तेरा-पूर्णांक-आठ.

हळूबाईने घड्याळ हातात घेतलं, उलटं केलं, परत सुलटं केलं. मग गाडीतून उतरून थोरल्याला मिठी मारली. "दादा! काय कापलंयस तू!"

इथे सांगायला पाहिजे होतं. पण गोड घास तोंडात आला की माणूस आधी चावतो. पहारेकरी धावत आला, त्याच्यापुढे थोरला म्हणाला, "आठ दशांश. एका फटक्यात." दुसऱ्या दिवशी नाक्यावर म्हणाला. मंडळाच्या सेक्रेटरीला फोनवर म्हणाला. परीक्षकाच्या कचेरीसमोरून जाताना जरा मोठ्यानेच म्हणाला. दोन दिवसांत सगळ्यांना कळलं की बाईचं इंजिन बसलं होतं आणि भावाने हेड कापून त्यात जीव घातला.

बायको ऐकत होती. एकदाच म्हणाली, "उचलली जीभ लावली टाळ्याला."

बुधवारी संध्याकाळी हळूबाई म्हणाली, "आठ दशांशाने अडीच सेकंद उतरले. अजून अर्धा मिलिमीटर कापू."

थोरला बाकावर बसला.

"थांब, आधी आत्ताचा दाब लिहून घेते," ती म्हणाली. ठिणगीचे प्लग काढले, एकेका भोकात दाब मोजायचं घड्याळ लावलं, आकडे लिहिले. सहा भोकं, सहा आकडे. मग वही मागे उलटली. परत पुढे उलटली. थोरला छताकडे बघत होता. छताला पत्रे किती, ते त्याला त्या दिवशी कळलं.

"दादा."

"हं."

"कापायच्या आधी एकशे नव्वद. कापल्यावर एकशे नव्वद. सहाच्या सहा."

"घड्याळ बिघडलं असेल."

"तूच दुरुस्त करून दिलंयस."

"हवा बदलली असेल."

"दादा, माझ्याकडे बघ. काय कापलंस?"

दारात वहिनी चहाचे कप घेऊन उभी होती. आत आली नाही, गेलीही नाही. "सांगा आता," ती नवऱ्याला म्हणाली, "चहा गार होतोय."

थोरल्याने खिशातून ठोकळा काढला आणि बाकावर ठेवला. "हा कापला," तो म्हणाला. मग उठून गाडीचं दार उघडलं, चटई उचलली आणि बाजूला झाला. त्या चमकणाऱ्या पेडलकडे हळूबाईने बघितलं, मग त्याच्या उजव्या बुटाकडे बघितलं, मग परत पेडलकडे.

"तू?"

"मी मुद्दाम नाही गं. पाय आपोआप जातो."

"प्रत्येक वेळी?"

"थेट रेघेपर्यंत," वहिनी दारातून म्हणाली. "लाल दिवे लावून."

थोरला वाट बघत होता की आता पाना फेकून मारेल. पानाही जवळच होता. पण तिने विचारलं ते दुसरंच. अगदी हळू विचारलं.

"म्हणजे इंजिन पहिल्या दिवसापासून बरोबर होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"माझं गणितही?"

"तंतोतंत."

ती जमिनीवरच्या टायरवर जाऊन बसली. आधी खांदे हलले, तेव्हा थोरल्याला वाटलं रडतेय. पण ती हसत होती. इतकी हसली की टायरवरून घसरली, खाली बसून हसली, आणि वहिनीलाही बसवून घेतलं. चहा त्या दोघींनीच प्यायला.

मग डोळे पुसून तिने वही घेतली. "अडीचशे वजा दीडशे. शंभर घोडे, दादा. एका पायाने शंभर घोडे अडवलेस तू."

"शंभर?" थोरल्याने विचारलं. त्याची मान जरा वर आली. "नक्की ना? जास्त नसतील?"

"ते पेडल आता काढू."

"त्याला साहेबाची सही लागते."

"मग पाय काढू."

"कुणाला सांगू नकोस," थोरला म्हणाला.

"मी कशाला सांगू? गावभर तर तूच सांगत फिरतोस."

*

शर्यतीत गाडीत एकट्याने बसायचं असतं, त्यामुळे पायाची काळजी मिटली होती. हळूबाई घरून पट्टीपर्यंत गाडी चालवत आली, चाळीसच्या पुढे गेली नाही. मागून येणाऱ्यांनी हॉर्न वाजवून वाजवून बोटं दुखवून घेतली. तिच्या शेजारच्या पट्ट्यावर परीक्षकाची करडी गाडी. सुटायच्या आधी हळूबाईने आरसा बघितला, मान वळवून मागे बघितलं आणि सिग्नल दिला. विमानतळाच्या मोकळ्या पट्टीवर, जिथे मागून चिमणीसुद्धा येत नव्हती. लोक पोट धरधरून हसले.

हिरवा दिवा लागला आणि हसणं तिथेच राहिलं. मागची चाकं जागच्या जागी किंचाळली, गाडीने नाक वर केलं आणि गेली. थोरला कठड्यापाशी उभा होता आणि त्याचा उजवा पाय जमीन दाबत होता, पण आता ती जमीनच होती. मागचे दिवे काळे. पहिल्यापासून शेवटपर्यंत काळे.

फळ्यावर आकडे आले. करडी गाडी, तेरा-पूर्णांक-सात. हळूबाई, तेरा-पूर्णांक-चार.

थोरला इतका ओरडला की बायकोने त्याच्या तोंडावर रुमाल धरला, तोच गाडी सोडायचा रुमाल.

परीक्षक गाडीतून उतरून सरळ त्यांच्याकडे आला. माणूस नापास करण्यात पक्का, पण हरल्यावर तोंड लपवणारा नव्हता. "मॅडम, मानलं," तो म्हणाला. भोवती तीसेक माणसं जमली होती. मग तो थोरल्याकडे वळला, हात पुढे केला. "पण खरा मान तुमचा. सगळं ऐकलंय मी. यांचं गणित शंभर घोड्यांनी चुकलं होतं, तुम्ही हेड कापून सावरलंत. शेवटी वही ती वही, हात तो हात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरल्यासाठी.

इतक्या टाळ्या त्याला जन्मात मिळाल्या नव्हत्या, आणि त्याही साहेबासमोर, साहेबाच्याच तोंडून. फक्त हात पुढे करायचा आणि घ्यायच्या. त्याने बहिणीकडे बघितलं. ती पुढची काच पुसत होती. पुसून स्वच्छ झालेली काच परत पुसत होती. काही बोलणार नव्हती. शब्द दिला होता तिने, आणि त्या घरातली माणसं शब्द मोडत नाहीत. मोठमोठ्या बढाया मारतात, ती गोष्ट वेगळी.

थोरल्याने साहेबाचा हात धरला आणि सोडलाच नाही.

"साहेब, तुम्हाला चुकीचं सांगितलं कुणीतरी," तो म्हणाला.

"तुम्हीच सांगितलंत."

"मीच चुकीचं सांगितलं. मी हेड केसभरसुद्धा कापलं नाही. हिचं गणित पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, अडीचशे म्हणजे अडीचशे, एक घोडा इकडे नाही की तिकडे नाही. गाडी पळत नव्हती याला कारण एकच." त्याने श्वास घेतला. मागे बायको पुटपुटली, "अहो, आता नीट सांगा." पण नीट सांगणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने छाती पुढे काढली. "शेजारच्या ब्रेकवर माझा पाय होता. घाबरून ठेवला होता, होय, घाबरून! आणि ऐका, तुमच्यापैकी कुणी केलंय का हे? अडीचशे घोडे सुटलेत, सगळ्या ताकदीने ओढतायत, आणि त्यातले शंभर मी अडवून धरले. एकट्याने. महिनाभर. दर रविवारी. हिच्या वहीत लिहिलंय, हिचं गणित चुकत नाही!"

हसू असं फुटलं की पलीकडच्या गाड्यांमधली माणसंही बघायला आली. साहेबाने डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि वळून हळूबाईपुढे उभा राहिला. "ती वही," तो म्हणाला, "जरा बघायला मिळेल का, मॅडम?"

हळूबाईने काच पुसायचं थांबवलं. हात कपड्याला पुसले आणि सीटखालून वही काढून दिली. तिच्याभोवती माणसं गोळा झाली, खांद्यांवरून वाकून बघू लागली, आणि पहिल्यांदाच तीन वर्षांत सगळे प्रश्न तिला विचारू लागले. झडप किती उचलली? तीनच कार्बोरेटर का? ती एकेकाला सांगत होती, बोट आकड्यावर ठेवून, आणि मधेच म्हणत होती, "हळू, हळू, एकेकाने."

थोरल्याभोवतीही दहा-बारा माणसं उरली होती. त्यांना गणितात रस नव्हता.

"कोणता पाय हो?" एकाने विचारलं.

"उजवा," थोरला म्हणाला, आणि बूट काढायला खाली वाकला.